परकराच्या नाडीचा चौकोन

शरयूताई,

"मावशी, या नाड्या टाकून देऊ?" मेधाने विचारलं, आणि मी तिच्या हातातलं गाठोडं जवळजवळ हिसकावूनच घेतलं. बिचारी तुमची भाची पुण्याहून आत्याचं घर आवरायला आली होती. कपाटाच्या खालच्या कप्प्यात परकराच्या वीसेक नाड्या सापडल्या, प्रत्येकीला जागोजागी गाठी. तिला वाटलं, म्हातारपणी माणूस काहीबाही साठवतं. तुम्हाला जाऊन अजून बारा दिवसही झाले नव्हते आणि तुमची अख्खी शाळा कचऱ्याच्या पिशवीत निघाली होती.

मी तिला सांगितलं, की तुझी आत्या याच नाड्यांनी मुलांना आकार शिकवायची. ती हसली. "नाडीने? अहो, बाजारात लाकडाचे संच मिळतात की." मिळतात, ताई. तुमच्या वेळीही मिळत होते. पण तुम्हाला लाकडाचा त्रिकोण म्हणजे मेलेला त्रिकोण वाटायचा. तुम्हाला तो चालता-फिरता हवा असे.

मी तुमच्या खोलीत पहिल्यांदा आले ते मराठी ऐकून. नगरहून लग्न होऊन दिल्लीत आले होते, यांची नोकरी केंद्र सरकारच्या एका खात्यात, करोल बागेत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड, आणि माझं हिंदी असं की भाजीवाला मला दोनदा विचारून तिसऱ्यांदा हातवारे करायचा. एका सकाळी जिना उतरताना तळमजल्यावरून आवाज आला, "अगं, कोपऱ्याने हलायचं नसतं." मी दारातून डोकावले. तीन पोरं नाडीच्या एकेका गाठीला धरून उभी होती, नाडी ताणलेली, आणि तुम्ही मधोमध बसून त्यातल्या एकीला दटावत होता. ती कोपरा होती. कोपऱ्याच्या नाकाला खाज सुटली होती.

"काय बघतेस? आत ये, चौथा कोपरा हवाच आहे," तुम्ही म्हणालात. ना नाव विचारलंत, ना गाव. मी नाडी धरली आणि त्रिकोणाचा चौकोन झाला. पोरं हरखली. त्या दिवसापासून मी तुमच्याकडे शिकवायला येऊ लागले असं मी लोकांना सांगते. खरं तर मी कोपरा म्हणून लागले होते.

अडीच ते चार वर्षांची ती चौदा-पंधरा मुलं. निम्मी आपली मराठी, निम्मी गल्लीतली पंजाबी, आणि सगळ्यांची भाषा एकच खिचडी. "टीचर, मैं आज कोपरा बनूँगा," असं पंजाबी पोरगं सांगायचं, आणि घरी जाऊन आईला म्हणायचं की मी आज कोपरा होतो. त्या आया गोंधळून दारात यायच्या. बच्चे को कोने में क्यों खड़ा किया, शरारत की क्या? तुम्ही मग त्या आयांच्याच हातात नाडी द्यायचात. करोल बागेतल्या किती गृहिणी तुमच्यापायी त्रिकोण होऊन घरी गेल्या असतील, कोण जाणे.

आपलं पहिलं भांडण दुसऱ्याच आठवड्यात झालं. साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तुम्ही आकार केले होते. मी लवकर येऊन ते जमिनीवर नीट मांडून ठेवले. त्रिकोण सगळे पायावर, चौकोन सगळे सरळ, रांगेत. तुम्ही आलात, पाहिलंत आणि चपलेतून पाय काढून पायानेच सगळे विस्कटलेत. मला इतका राग आला. "कँटोन्मेंटमधली कवायत आहे का ही? सावधान उभं केलंस सगळ्यांना," तुम्ही म्हणालात. मग ओंजळभर आकार उचलून वरून सोडलेत. "पडला तसा ओळखायचा. जगात कुठला त्रिकोण तुझ्यासाठी पायावर उभा राहणार आहे?"

मी म्हणाले, लहान मुलं आहेत, गोंधळतात. उलटा त्रिकोण दाखवला की म्हणतात, हा त्रिकोण नाही. आणि म्हणतातच, ताई, पुढे नोकरीतही मी तेच पाहिलं. तुमचं म्हणणं, मूल गोंधळत नाही, आपण त्याला एकाच बाजूने दाखवून दाखवून आंधळं करतो. हा वाद आपण पाच वर्षं घातला. भाजी निवडताना घातला, तुमच्याकडे शंकरपाळे कापताना घातला. एका नाताळात तुम्ही आमच्यासाठी कागदाची चांदणी करून आणलीत. दोन त्रिकोण, एकावर एक चिकटवलेले, एक सुलटा आणि एक उलटा. दारात उभं राहूनच म्हणालात, "उलटा त्रिकोण नसता ना रूथ, तर तुझ्या येशूच्या वाढदिवसाला चांदणी झाली नसती." वर शंकरपाळ्यांचा डबा पुढे केलात. माणसाने भांडावं तर असं, हातात डबा घेऊन.

माझा संदेश तुमच्याच खोलीत रांगला, तुमच्याच नाडीला धरून उभा राहिला. तीन वर्षांचा होईस्तोवर तो पडलेला कुठलाही तुकडा ओळखत असे. घरी पोळी कशीही फाटली तरी नाव सांगून खायचा. आणि मग नर्सरीची वेळ आली.

दिल्लीच्या बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगताना अजून माझी दमछाक होते. तीन-साडेतीन वर्षांच्या पोराची मुलाखत, आणि आईबापांना रात्र-रात्र झोप नाही. यांच्या ऑफिसात तर सगळे तेच बोलत. अमक्याच्या मुलाने रंग सांगितले, तमक्याच्या मुलीने पूर्ण कविता म्हटली. एका नावाजलेल्या शाळेतून बोलावणं आलं तेव्हा यांनी नवा शर्ट शिवला. मी संदेशला तुमच्या पाया पडायला आणलं. तुम्ही त्याच्या खिशात एक नाडी कोंबलीत आणि म्हणालात, "घाबरलास तर गाठ धर."

तुम्ही गाठ त्याला दिलीत, ताई. घाबरले मी.

त्या दिवसाचं मी तुम्हाला जे सांगितलं ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी इतकी वर्षं गिळून बसले, म्हणून तर हे लिहायला घेतलंय. मुख्याध्यापिकाबाईंनी कार्डं दाखवली. गोल, बरोबर. त्रिकोण, बरोबर. मग एक चौकोन, पण कोपऱ्यावर उभा केलेला. आजूबाजूच्या सगळ्या पोरांना त्याचं नाव पाठ होतं, डायमंड. संदेशने कार्ड हातात घेतलं, फिरवून सरळ केलं आणि म्हणाला, "स्क्वेअर. टेढ़ा रखा था." इथपर्यंत तुम्हाला सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. मी खुर्चीतून पुढे वाकले आणि म्हणाले, "नहीं बेटा, डायमंड. डायमंड बोलो." बाईंनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, हम बच्चे से पूछ रहे हैं." संदेशने माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "डायमंड." पुढच्या कार्डांना तो काही बोललाच नाही. खिशात हात घालून बसून राहिला.

यादीत त्याचं नाव नव्हतं. मी बोर्डासमोरून थेट तुमच्याकडे आले, आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं झालं. तुम्ही मुलांसाठी लिंबाचं सरबत करत होता. मी म्हणाले, "तुम्ही शिकवलंत तसंच बोलला माझा मुलगा, म्हणून गेली त्याची सीट. तुमच्या फरशीवर ठीक आहे हे सगळं. बाहेर चार्ट लागतो, ताई, चार्ट. तुम्हाला मूल असतं तर कळलं असतं."

हे शेवटचं वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं.

एरवी तुमच्याकडे प्रत्येक वाक्याला उत्तर तयार असे, सव्याज. त्या दिवशी तुम्ही फक्त चमचा फिरवत राहिलात, साखर विरघळून गेल्यावरही. मग संदेशला पेला दिलात आणि मलाही दिलात. मी न पिता वर गेले.

तुमच्याकडे शिकवणं मी त्या दिवसापासून बंद केलं. संदेशला मात्र पाठवत राहिले, दुसरी जागा होती कुठे? दारात सोडायची आणि तोंड फिरवून जिना चढायची. माझ्या अब्रूची मला एवढी काळजी होती, पण फुकटच्या शाळेची लाज वाटत नव्हती. तुम्ही त्याला कधी परत पाठवलं नाहीत. दोनेक आठवड्यांनी एकदा त्याला न्यायला आले तेव्हा पाहिलं, समोरच्या भिंतीवर चार्ट लटकत होता. चकचकीत, इंग्रजी नावांचा, बाजारातला. फाटू नये म्हणून तुम्ही तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवला होता. सगळे आकार सावधान उभे. डायमंडसुद्धा.

माझी नजर पाहून तुम्ही म्हणालात, "आईबापांना हवं असतं, रूथ. लावला." एवढंच. मला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. तुमच्या त्या खोलीत पाच वर्षांत एक वस्तू मी माझ्या मनासारखी करू शकले नव्हते, आणि आता भिंतीवर माझा विजय टांगला होता. मला तो बघवेना.

पुढच्या वर्षी आम्हाला नोएडात घर मिळालं. संदेशला सेक्टरातल्या शाळेने काही न विचारता घेतलं, आणि थोड्या दिवसांनी तिथेच मलाही. सव्वीस वर्षं मी चार्टवरून आकार शिकवले. दिस इज अ सर्कल, दिस इज अ ट्रँगल. एकदा एका मुलीने माझ्या हातातलं डायमंडचं कार्ड घेऊन फिरवलं आणि माझ्याकडे बघून हसली. तुम्हाला काय सांगू, ताई. मी ते कार्ड पुन्हा कोपऱ्यावर उभं केलं आणि म्हणाले, "नो बेटा." त्या दिवशी घरी येऊन मी डोकं दुखतंय म्हणून झोपून राहिले.

आपण बोलायला लागलो ते कधी, हे मला नीट आठवत नाही. तुम्हीच फोन केला होता, शंकरपाळे झालेत, येऊन घेऊन जा म्हणून. जणू मधे काही घडलंच नव्हतं. मग मी येत राहिले, आधी बसने, पुढे मेट्रो झाली तेव्हा मेट्रोने. दारात आले की माझी नजर पहिल्यांदा त्या चार्टवर जायची. रंग उडत गेले, कडा दुमडल्या, पण तो तिथेच. सरळ. दर वेळी वाटायचं, हे मी केलं. एवढी मोठी बाई, कुणाला न जुमानणारी, तिला मी एका खोट्याने नमवलं.

सांगायचं मी किती वेळा ठरवलं, त्याला गणती नाही. एकदा तर नोएडापासून करोल बागेपर्यंत मेट्रोत मनातल्या मनात सगळं म्हणून पाहिलं. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली, बहुतेक ओठ हलत असावेत. तुमच्या दारात आले, म्हणाले, "ताई, मला काही बोलायचंय." तुम्ही म्हणालात, "बिल्कुल बोल, पण आधी बाहेर जाऊन अर्धा किलो भेंडी घेऊन ये, कोवळी बघ, मागच्या वेळची तू आणलेली लाकडं होती." मी भेंडी आणली. मग तुमचा गुडघा, मग गल्लीतल्या नव्या पोरांच्या गोष्टी. ऐंशीच्या पुढेही चार-पाच मुलं यायचीच तुमच्याकडे सकाळी. बोलायचं राहिलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

तर परवाचं सांगत होते. मेधाचं आणि माझं आवरून होत आलं होतं. भिंतीवरचं काढायचं तेवढं राहिलं होतं. मेधा चार्टपाशी गेली आणि म्हणाली, "अरेच्चा, हा उलटा लागलाय. आत्याला दिसत नव्हतं का हो अलीकडे?"

मी वळून पाहिलं. दिवसभर मी त्या भिंतीकडे पाठ करूनच बसले होते. चार्ट खरंच उलटा होता. त्रिकोण डोक्यावर उभा, अक्षरं खाली डोकं वर पाय. मेधाने तो खिळ्यावरून काढला, सरळ करायला. मी म्हणाले, थांब, आण इकडे.

पुठ्ठ्याला चार भोकं होती, ताई. चारही कडांच्या मधोमध एकेक. तीन भोकं झिजून झिजून बोट जाईल एवढी झालेली, एकाला तर तुम्ही मागून चिकटपट्टी लावून मजबुती दिलेली. आणि वरचं भोक, ज्यावर चार्ट सरळ लागतो ते, जवळपास नव्यासारखं.

तेवढ्यात संदेश मला न्यायला आला. आता त्याचे केस कानाशी पांढरे व्हायला लागलेत. माझ्या मांडीवरचा चार्ट बघून तो हसायलाच लागला. "अजून फिरवायच्या? यार, कमाल आहे."

"म्हणजे?"

"रोज एकाची पाळी असायची, मम्मा. सकाळी आल्या-आल्या चार्ट फिरवायचा. तू न्यायला यायच्या आधी ताई सरळ करायच्या. आम्हाला सांगितलं होतं, रूथटीचरला सरळ आवडतो, तिच्यासाठी सरळ."

मी विचारलं, मग मला कधी बोलला का नाहीस. तो म्हणाला, "सीक्रेट होतं ना." आणि मग नाड्यांच्या गाठोड्यातली एक नाडी उचलून बोटाला गुंडाळत म्हणाला, "एक सीक्रेट माझं पण होतं. इंटरव्ह्यूचं. मी ताईंना सांगून टाकलं होतं, की मम्माने डायमंड बोलायला लावलं. बाकी काही आठवत नाही, पण त्या काय बोलल्या ते आठवतं."

"काय बोलल्या?"

"म्हणाल्या, मम्मा घाबरली होती रे. आणि नाडी तर तुझ्या खिशात होती."

मेधा चहाचे कप घेऊन आली आणि आम्हा दोघांना बघून तशीच मागे फिरली.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. चार्ट लावलात तेव्हाही बहुधा ठाऊक होतं. ते शेवटचं वाक्य ऐकूनही तुम्ही माझ्या मुलाला सरबत दिलंत, मला शंकरपाळे दिलेत, आणि मी दारात येण्याआधी दर वेळी उठून, दुखऱ्या गुडघ्याने, तो चार्ट सरळ केलात. मी ज्याला तुमची हार समजून इतकी वर्षं कुढत होते, तो तुम्ही राखलेला माझा मान होता. मुलांपुढे मात्र तसूभर मागे हटला नाहीत. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. किती लबाड बाई तुम्ही, शरयूताई. मला थोडी शिक्षा तरी करायची होतीत. भेंडीच्या वेळी तरी म्हणायचं होतंत, की बोल, मला माहीत आहे. की माझ्याच तोंडून यावं म्हणून वाट बघत होता? हे आता कुणाला विचारू?

चार्ट मी घरी आणलाय. नाड्याही. नोएडातल्या आमच्या स्वयंपाकघरात एका खिळ्यावर तो लावलाय आणि रोज चहा ठेवताना फिरवते. काल संदेशचे पप्पा म्हणाले, हे काय वाकडं लटकवलंय. मी म्हणाले, पडला तसा ओळखा.

आज फिरवताना डायमंड समोर आला. कशीही बाजू खाली घ्या, तो त्या चार्टवर कोपऱ्यावरच उभा राहतो, तुम्हीसुद्धा त्याला चार भोकांत सरळ करू शकला नव्हता. मग मी चार्ट खिळ्यावरून काढला आणि हातात तिरका धरला, माझ्या मुलाने धरलं होतं तसा. ताई, त्या दिवशी संदेशचं बरोबर होतं आणि तुमचं शिकवणं बरोबर होतं. चुकले ती मी, आणि खोटंही मीच बोलले. तो चौकोनच होता, ताई.